दहापैकी ताण

क्लासच्या हॉलमध्ये गुरुबसप्पा सर दोन तास बोलले आणि वैजनाथने दोन तास लिहून घेतलं. विषय होता, मुलांवरचा अभ्यासाचा ताण कसा कमी करावा आणि त्यांना स्क्रीनपासून दूर कसं ठेवावं. सर समुपदेशक, आणि तेही क्लासनेच नेमलेले. ज्यांनी ताण द्यायचा त्यांनीच तो उतरवायलाही माणूस ठेवला होता, ही सोय वैजनाथला फार आवडली. "मुलांना रोज विचारा, बाळा, दहापैकी ताण किती?" असं सर म्हणाले, तेव्हा त्याने वहीत 'दहापैकी'खाली दोन रेघा मारल्या. बाकीचं किती डोक्यात शिरलं देव जाणे. पण जिथं काहीही कशापैकी तरी मोजलं जातं, तिथं लातूरच्या बापाचे कान टवकारतातच.

वैजनाथ मूळचा शिरूर अनंतपाळचा. लातुरात एका कचेरीत क्लार्क. घरात बायको शिल्पा आणि आठवीतली गीतांजली. पोरगी डॉक्टर होणार हे ती चौथीत असतानाच त्याने ठरवलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

घरी येताच त्याने माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात गीतांजलीचा मोबाईल गेला, शिल्पाचाही गेला, कुलूप लागलं आणि किल्ली वैजनाथच्या करदोड्याला बांधली गेली. चार्जिंगपुरते फोन बाहेर यायचे, तेही त्याच्या देखरेखीखाली. त्याचा स्वतःचा मोबाईल तेवढा बाहेर राहिला. सरांनी पालकांचा ग्रुप काढला होता, आणि स्क्रीन कमी केल्याचे फोटो टाकायला स्क्रीन लागतेच. भिंतीवर तक्ता आला. पहाटे साडेपाच ते पावणेसहा हसणे. रविवारी मनसोक्त खेळणे, वेळ वीस मिनिटे. खाली ताणाचा रकाना.

पहिल्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "बाळा, दहापैकी किती?"

"सात," पोरगी खरं बोलली.

"सात?" वैजनाथचा घास हातातच राहिला. "समोरच्या आदिनाथच्या पोराला चार आलाय! आपण कुठं कमी पडलो?"

मग तिला दहा वेळा दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि पुन्हा विचारलं. सहा आला. "बघ, जमतंय की. मेहनत पायजे!" असं म्हणून त्याने आकडा ग्रुपवर टाकला. आधी पोरीला परीक्षेचीच भीती होती, आता जेवणाचीही वाटायला लागली.

गीतांजलीला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे येळवस. वेळ अमावास्येला अख्खा जिल्हा शेतात जातो. कडब्याची कोपी उभी राहते, आत पूजा होते, मडक्यात आंबील असते, आणि भज्जी, उंडे, खीर खाऊन माणसं उन्हात लोळतात. गेल्या साली नेमकी त्याच दिवशी क्लासची टेस्ट निघाली. शिरूरला आजी केवळाबाई दिवस मावळेपर्यंत नातीच्या वाटची भज्जी झाकून बसली आणि शेवटी ती गाईला घातली.

"यंदा जाऊ ना, पप्पा?"

"शून्य आण. शून्य आला की शिरूर. आईशप्पथ!"

पोरगी कामाला लागली. आरशासमोर हसायला शिकली. नखं खायची सोडली. रडायचं झालं तर न्हाणीघरात नळ सोडून रडायची. शिल्पा दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची. वैजनाथने आलेख काढला. पाच आला, तीन आला, आणि येळवशीला दोन दिवस उरले तेव्हा शून्य आला.

वैजनाथने पेढे आणले. पेढा खाता खाताच त्याच्या डोक्यात आलं, ताण शून्य म्हणजे डोक्यात जागा रिकामी आहे. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर जाऊन तो पोरीचं नाव घालून आला. येळवशीलाच दिवसभराची फिजिक्सची जादा बॅच होती.

"सगळे भज्जी खात बसतील, तेवढ्यात आपली पोर फुडं जाईल!" तो म्हणाला.

"अवं, शप्पथ घेतली होती तुम्ही," शिल्पा म्हणाली.

"फुडच्या साली जाऊ. येळवस काय पळून जाती का?"

गीतांजलीने पुस्तक उघडलं. हे शहाणपणाचं लक्षण आहे असं वैजनाथला वाटलं.

त्याच संध्याकाळी पालकमेळावा होता. अख्ख्या ग्रुपमध्ये पहिला शून्य वैजनाथच्या घरात आला म्हणून त्याला सहकुटुंब मंचावर बसवलं. शाल झाली, नारळ झाला. गुरुबसप्पा सरांनी माईक पोरीपुढे धरला. "सांग बाळा, आज दहापैकी किती?"

"दहा," गीतांजली म्हणाली.

वैजनाथ हसला आणि "ती गमतीनं..." म्हणू लागला.

"गमतीनं न्हाई. मी खोटंच शून्य सांगितला, आजीकडं जायला मिळावं म्हणून. तर पप्पांनी येळवशीला जादा बॅच लावली." तिने माईक स्वतःच्या हातात घेतला. "आता दहा हाय. खरा हाय."

शिल्पा उठली. नवऱ्याच्या मांडीवरचा नारळ तिने उचलून पिशवीत टाकला. "शेतात पूजेला लागंल," म्हणाली आणि लेकीचा हात धरून मंच उतरली. मायलेकी शेवटच्या गाडीने शिरूरला गेल्या.

आता ग्रुपवर आपली छी-थू होणार, या धास्तीने वैजनाथने मोबाईल उघडला. पहिला मेसेज आदिनाथचा होता. 'येळवशीला जादा बॅच कुठं हाय? जागा हाय का?' खाली आणखी अकरा जणांनी तेच विचारलं होतं. वैजनाथला बराच धीर आला.

येळवशीच्या दिवशी लातुरात कुत्रं दिसत नव्हतं. दुकानं बंद, खानावळी बंद. दुपारी भुकेने कळवळून वैजनाथने शिल्पाला फोन लावला. रिंग घरातच वाजली, पत्र्याच्या डब्यात. किल्ली त्याच्याच कमरेला होती. फोन वाजून वाजून बंद पडेपर्यंत तो डब्याकडे बघत बसला, आणि पहिल्यांदाच त्याला त्या घरात एकट्याने बसवेना.

तेव्हा त्याचं लक्ष भिंतीवरच्या तक्त्याकडे गेलं. मेळाव्याला निघण्याआधीच पोरीने ताणाच्या रकान्याशेजारी पट्टीने नीट नवा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, 'पप्पा'. खाली सगळं कोरं.

वैजनाथने पेन उचललं. टोक कागदावर टेकवलं. आकडा त्याला ठाऊक होता. पण मग त्याने पेन खाली ठेवलं, मोबाईल उघडला, आणि आदिनाथने स्वतःचा किती टाकलाय ते ग्रुपवर शोधू लागला.