धक्क्याच्या खाचा

माझी सून बाहेरच्या माणसांना आमचं गाव दाखवते. सगळं नाही, फोटोत चांगलं दिसतं तेवढंच. दीपगृहाचा गोल जिना, जुन्या जकातघराची कमान आणि शेवटी आमच्या दारासमोरचा दगडी धक्का. गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं कोंबडीच्या पिलांसारखी तिच्या मागे फिरतात. देव अक्कल वाटत होता तेव्हा ही झोपली होती, असं माझं मत. ते मी पोटात ठेवलं नव्हतं, भर बाजारात बोलून दाखवलं होतं.

मुलाचं बोटीवरचं काम सुटल्यापासून घर मात्र हिच्याच पायांवर चाललंय.

परवा एक नावाजलेला फोटोवाला शिष्यांना घेऊन येणार होता. जागा मनात भरली तर दर वर्षी येईन म्हणाला होता. सून त्यांना आणायला शहरात गेली होती. शेजारीण खिडकीतून बोलली. तिला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तिला हळू बोलता येत नाही.

"अहो, तुमच्या धक्क्याची कड बघा! उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसतेय. पाहुणे नाकं मुरडतील!"

मला झोंबलं. माझ्या दाराला कोणी नाव ठेवायचं? लगेच गवंड्याला बोलावलं. त्याने कडेच्या सगळ्या खाचा सिमेंटने भरून कड कशी सुरीसारखी सरळ केली. मी झाडून, धुऊन घेतलं आणि ठेवणीतले कपडे घालून दारात उभी राहिले.

सूर्य कलला, तशी मंडळी आली. "या, बसा," म्हटलं, "आता कपडे मळायचे नाहीत."

फोटोवाला बसला नाही. गुडघ्यांवर आला, मग चक्क पालथा पडला आणि कडेवरून हात फिरवत राहिला.

"खाचा कुठे आहेत?" त्याने सुनेला विचारलं. "ओहोटीला त्यांत पाणी राहतं, संध्याकाळचं ऊन पडलं की एकेक पेटते, असं तुम्हीच सांगितलं होतं. त्यासाठी तर आलो. आणि ती सगळ्यात खोल, तुमच्या सासऱ्यांच्या होडीच्या दोराने पडलेली, ती कुठली?"

माझी नजर त्या सुरीसारख्या कडेवर गेली.

हे रोज संध्याकाळी होडी तिथेच बांधायचे. दोर दगडावर करकरायचा, त्या आवाजावर मी चुलीवर भांडं चढवायची. जन्मभर तो आवाज ऐकला आणि दगडाकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं तेव्हा मला भोक दिसलं, आणि ते मी बुजवून टाकलं.

सुनेने सिमेंट बघितलं. मग माझे ठेवणीतले कपडे बघितले.

"माझीच चूक," ती म्हणाली. "कोणी घसरू नये म्हणून मीच बुजवून घेतलं."

"कमाल आहे," तो कपडे झटकत म्हणाला. "जागा दाखवणाऱ्यालाच जागा कळली नाही."

शिष्य हसले. सुनेने मान खाली घातली. माझी जीभ, जी उभ्या गावाला पुरून उरते, ती टाळूला चिकटून बसली. 'मी केलं' हे दोन शब्द काही निघाले नाहीत. मंडळी गेली. पुन्हा येतो म्हणाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजारात भोंगा वाजला. "तुम्ही म्हणत होतात ते खरं हो! सुनेला अक्कल नाही. काल कानांनी ऐकलं!"

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर.

"गवंडी मी बोलावला," मी म्हटलं. "तोही तुझं ऐकून. आता आपल्या दोघींत अक्कल कोणाला कमी, ते तू ठरव."

बाया हसल्या. मला हसू आलं नाही. बाजारात बोलणं सोपं असतं. बोलायचं होतं तिथे मी मुकी झाले होते.

घरी येऊन मुलाची छिन्नी घेतली आणि सिमेंट फोडायला बसले. सुनेने येऊन माझा हात धरला.

"आई, राहू द्या. दगडही निघेल."

"मग लोकांना काय दाखवशील?"

"सांगेन, इथे खाचा होत्या."

"आणि कोणी बुजवल्या विचारलं तर?"

तिने माझ्या हातातली छिन्नी काढून घेतली.

"मला हाक मार. मी सांगते."

ती बरं म्हणाली, पण ती कसली हाक मारते! आज पाचसहा जण आले. मी दाराआड कान देऊन बसले होते. कोणीतरी विचारलं, आणि ही पुन्हा तेच म्हणाली, "माझीच चूक."

हाकेची वाट न बघता मी उठले. आज अंगावर ठेवणीतलं काही नव्हतं, हाताला मासळीचा वास होता. धक्क्यापर्यंतची ती चार पावलं मला जड गेली. सगळे वळले. एका पोराने माझा फोटो काढायला कॅमेरा उचलला.

"खाली कर तो," मी म्हटलं. "आधी ऐक."