बॉनेटवरचा वीतभर चौकोन

बॉनेटच्या मधोमध निळ्या चिकटपट्टीने आखलेला वीतभर चौकोन. त्यात पाण्याचे पांढरे डाग एकशे त्रेसष्ट. बाकीच्या बॉनेटवर ओरखडे अकरा, त्यांतले नखाला लागणारे दोन. डाव्या मागच्या दारावर पोचा एक. मागच्या काचेवर जुन्या मालकाच्या मुलीचं नाव, त्यातलं पहिलं अक्षर उडालेलं. चौकोनाच्या मध्यभागी रंगाची जाडी एकशे नऊ मायक्रॉन.

मंगळवारी सकाळी पौर्णिमाने हे सगळं वहीत उतरवलं तेव्हा धर्मेंद्र खो-खो हसला होता. "गाडी चमकवाले आली का पोस्टमार्टमले?"

अकोल्यात बाळापूर रोडला धर्मेंद्रचं वॉशिंग सेंटर होतं. पौर्णिमा अंजनगाव सुर्जीची. अमरावतीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मावशीकडे राहून इथे नोकरीला लागली. आठ महिने काउंटरवर पावत्या फाडल्या. जुन्या गाड्यांचा रंग उजळायचं मशीन शेडमध्येच खुंटीला लटकलेलं असायचं, पण तिने हात लावला की धर्मेंद्र म्हणायचा, "राहू दे, सायंटिस्ट मॅडम. पोरीच्या हाताचं काम नोहे ते." दोन महिने तिने पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे तो वैतागून म्हणाला होता, "घे मंग ही काळी गाडी. जमलं तं मशीन आजपासून तुह्यं. नाही जमलं तं मुकाट्यानं काउंटरवर बसाचं, पुन्हा नाव काढाचं नाही."

गाडी नऊ वर्षांची होती. बाळापूरकडच्या एका खेड्यातल्या नत्थुजींनी ती जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतली होती. ते झेंडू पिकवायचे आणि रोज पहाटे पिकअपमधून अकोल्याच्या बाजारात आणायचे. गाडी घरी नेण्याआधी नव्यासारखी करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आधीच्या मालकाने नऊ वर्षं ती बोअरच्या पाण्याने धुतली होती. हा सगळा खारपाणपट्टा. इथलं बोअरचं पाणी उन्हात वाळलं की मागे क्षार उरतात आणि ते वर्षानुवर्षं राहिले की रंगात उतरतात. असे डाग पुसून जात नाहीत, वरचा पारदर्शक थर थोडा घासावाच लागतो.

पौर्णिमाने तीन दिवस घासला. मशीनचा वेग कमी ठेवून, दर चार हातांनी जाडी मोजून. गुरुवारी संध्याकाळी चौकोनात डाग उरले चार. जाडी एकशे एक. तिने वहीत लिहिलं, 'आता या बॉनेटला मशीन लावायचं नाही', आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग वॅक्स चढवलं, चौकोनाची पट्टी पुन्हा लावली आणि साडेपाचला मावशीकडे गेली. त्या रात्री ती दोन पोळ्या जास्त जेवली.

शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा शेडमध्ये तिघं उभे होते. धर्मेंद्र, नत्थुजी आणि हातात पूजेचं ताट घेतलेल्या त्यांच्या पत्नी पार्वताबाई. तिघंही बॉनेटकडे पाहत होते. पौर्णिमाने पाहिलं. बॉनेटभर पुन्हा पांढरे डाग. तिने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, तशीच वाकून मोजायला लागली. चौकोनात एकशे अठरा.

"पाहा काका," धर्मेंद्र नत्थुजींना म्हणाला, "मी सांगतलं होतं ना. पोरीच्या हाती मशीन देल्लं अन् हे झालं. वरवर फडकं मारलं, तुमच्या डोयात धूळ फेकली, अन् काम अर्धं टाकून पयाली घरी."

"मी काम अर्धं टाकलं नाही," पौर्णिमा म्हणाली.

"मंग हे काय हाय? चांदण्या हाय का?" त्याने खुंटीवरून मशीन काढलं. "सरक. मोठं कंपाउंड लावतो, दहा मिनिटात साफ. अन् तू जा काउंटरवर."

पौर्णिमा सरकली नाही. बॉनेट आणि मशीन यांच्या मध्ये ती उभी राहिली. मोठं कंपाउंड म्हणजे खरखरीत मलम. त्याने आणखी वीस मायक्रॉन जातील आणि दोन उन्हाळ्यांत बॉनेटचा रंग पापुद्र्यासारखा सुटेल, हे तिला दिसत होतं. तिने एका डागावरून नख फिरवलं. नखाखाली पांढरी भुकटी आली. जुने डाग रंगाच्या आत होते, हे वर बसले होते. काल रात्रीचेच.

तिने शेडचा नळ सोडला, ग्लासभर पाणी घेतलं आणि बॅगेतून पाण्यातले क्षार मोजायचा पेनाएवढा टीडीएस मीटर काढून त्यात बुडवला. फिल्टरचं पाणी. अडतीस.

"आपल्या पाण्यानं असे डाग पडत नाहीत, धर्मेंद्रभाऊ. काल मी गेल्यावर या गाडीवर दुसरं पाणी पडलं."

"आभायातून पडलं का? एप्रिल महिन्यात?"

"ते तुमी सांगा. शेड तुमी बंद केलं."

"मले उलटं बोलून राहिली का? कोनं देल्ली तुले नोकरी?"

इतक्यात पार्वताबाईंनी ताट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवो, काल सांजच्याले तुमीच तं कॅन घेऊन आलते ना?"

नत्थुजींनी मान डोलावली.

"आलतो," नत्थुजी म्हणाले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "आमच्या घरची रीतच हाय ते. बैल असो, पंप असो, ट्रॅक्टर असो, नवीन आलं की आधी आपल्या विहिरीचं पानी घालाचं, मंगच शिवेच्या आत घ्याचं. काल सांजच्याले घरून कॅनभर पानी आनलं अन् घातलं बॉनेटवर. पुसलं नाही. पुसाचं नसते." आणि धर्मेंद्रकडे बोट करून म्हणाले, "हे होते ना उभे. हेच म्हणे, घाला काका, बिनधास्त घाला. चहा बी पाजला मले."

पौर्णिमाने धर्मेंद्रकडे पाहिलं. तापलेला पत्रा, त्यावर ताजं वॅक्स, वॅक्सवर गोल उभे राहिलेले थेंब आणि प्रत्येक थेंबाच्या जागी सकाळी एक डाग. हिशोब इतका सरळ होता की धर्मेंद्रला तो बॉनेट पाहताक्षणी कळला असणार. कळूनही तो बोलला होता. ती एक पाऊल त्याच्याकडे सरकली.

"तुमाले माहीत होतं."

"अवं, गिऱ्हाइकाले नाही कसं म्हणू मी?"

"गिऱ्हाइकाले नाही म्हणता येत नाही, अन् मले कामचोर म्हणता येते? सगळ्यायसमोर?"

"इतकं काय मनावर घेते? दोन शब्द बोललो—"

"तीन दिवस खांदे मोडले माह्ये! दोन शब्द नोहे ते!" तिचा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत आला. रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबून पाहायला लागला.

नत्थुजींचा चेहरा मात्र आता उतरला होता. "म्हणजे माह्या विहिरीचं पानी खराब हाय, असं म्हनून राहिली का तू?"

कॅन अजून शेडच्या कोपऱ्यात होता, तळाशी चार बोटं पाणी. रागाच्या भरात पौर्णिमाने झाकण काढलं, मीटर बुडवला आणि आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. दोन हजार एकशे चाळीस.

"चाळीस वर्षं याच पान्यावर झेंडू काढला, बाई, आमी," पार्वताबाई म्हणाल्या. "पोरं मोठी केली."

पौर्णिमाने मीटर खाली घेतला. या दोघांवर तिला ओरडायचं नव्हतं. "झेंडूले चालते, काकू. काळ्या रंगाले चालत नाही. तुमाले कोनी सांगतलंच नाही, तं तुमची काय चूक?" मग ती पुन्हा धर्मेंद्रकडे वळली. "पन यायले माहीत होतं. नऊ वर्षांचे डाग मी काहून घासून राहिली, हे यायले चांगलं ठाऊक होतं. धर्मेंद्रभाऊ, कोनाची चूक हाय ते सांगा. मंगच मी फडकं हातात घेईन."

"अन् नाही सांगतलं तं?"

"तं लावा मोठं कंपाउंड. या बॉनेटची किती जाडी उरली ते मी काकाले लिहून देते, तारीख टाकून."

धर्मेंद्र मशीन धरून उभा राहिला. त्याने रिक्षावाल्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

"सांगून टाका ना, बाप्पा," पार्वताबाई म्हणाल्या. "मुहूर्त टयून राहिला."

"माही चूक झाली," तो पुटपुटला.

"मले ऐकू नाही आलं," नत्थुजी म्हणाले. बाजारात झेंडूचा भाव शंभर पावलांवरून ऐकणारा माणूस तो.

"माही चूक झाली! मीच पानी घालू देल्लं, अन् नाव पोरीचं घेतलं. झालं समाधान?"

पौर्णिमाचं समाधान झालं नव्हतं. तिने त्याच्या हातातलं मशीन काढून घेतलं आणि दाराजवळ आपली बॅग असायची त्या खुंटीवर टांगलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हिनेगरची बाटली आणली आणि ती ओतताना बाटलीचं तोंड भांड्यावर आपटलं. एक भाग व्हिनेगर, चार भाग बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. त्यात भिजवलेली फडकी बॉनेटभर पसरली. घड्याळ लावून तीन मिनिटं. पाण्यातल्या चुन्याचा डाग आंबटाने विरघळतो, त्याला घासावं लागत नाही. फडकी उचलली, त्याच शुद्ध पाण्याने दोनदा धुतलं, कोरड्या कापडाने टिपून घेतलं. धर्मेंद्र काउंटरवर जाऊन पावतीपुस्तकाची पानं उगाच उलटत बसला.

काम झाल्यावर तिने त्याला बोलावलं. भिंग, जाडी मोजायचं यंत्र आणि वही त्याच्यासमोर ठेवली.

"मोजा. अन् तुमच्या अक्षरात लिहा."

नत्थुजी जवळ सरकले. पार्वताबाईंनी ताटातलं निरांजन अजून पेटवलं नव्हतं, काडेपेटी हातातच होती. धर्मेंद्र बॉनेटवर वाकला. ओठ हलवत त्याने चौकोन एकदा मोजला, मग पुन्हा मोजला. यंत्र मध्यभागी टेकवलं, आकडा वाचला आणि दोन रेघांच्या खाली लिहिलं:

डाग सहा. जाडी एकशे एक मायक्रॉन.