पाच खाचा, सहा नावं

मी एक जुनं रिव्हॉल्व्हर. हो, मीच बोलतोय. मागे सरकलात ना? सगळेच सरकतात. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. मी आजवर एकाही माणसाला मारलेलं नाही. नाही म्हणजे नाही! माझ्या मुठीवर पाच खाचा आहेत, त्या बघून कुणी काहीही सांगो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. अंगावर नंबर ठोकला, काळंनिळं तेज चढवलं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली आणि मालगाडीनं मला नेब्रास्कातल्या एका दुकानात धाडलं. तिथून हान्स येसन नावाच्या शेतकऱ्यानं मला घेतलं. दोनच वर्षांत तो तापानं गेला. मग त्याचा पट्टा त्याच्या बायकोनं, हल्डानं, कमरेला बांधला. पट्टा तिला फार मोठा होता. तिनं खिळ्यानं त्याला नवी भोकं पाडली.

लोकांना वाटतं, आमचं आयुष्य म्हणजे नुसत्या धडाधड गोळ्या. हल्डानं माझ्या मुठीनं कुंपणाच्या तारेचे आकडे ठोकले, कॉफीच्या बिया कुटल्या, गुरांच्या हौदावरचा बर्फ फोडला. माझ्या चक्रात सहा घरं, पण ती गोळ्या पाचच भरायची. माझा लोखंडी घोडा, गोळीवर आपटतो तो, कायम रिकाम्या घरावर टेकलेला. चुकून धक्का लागला तर गोळी उडू नये, म्हणून तिकडे सगळेच तसं करत.

आता तिच्या खऱ्या घोड्यांचं सांगतो. त्या वाळूच्या टेकड्यांत घोड्याचा पाय बिळात गेला की मोडायचा, आणि मोडलेला पाय काही सांधायचा नाही. गुरांचा डॉक्टर साठ मैलांवर. मग हल्डा घोड्याच्या कपाळावरचे केस बाजूला करायची, त्याच्या कानात डॅनिशमध्ये काहीतरी बोलायची, आणि त्यानंतर माझं काम. घरी आली की चाकूनं माझ्या मुठीवर एक खाच. तेवीस वर्षांत अशा पाच.

सहाव्या वेळी मेजर नावाचा घोडा होता. पोट फुगून दोन दिवस लोळत होता. हल्डानं मला त्याच्या कपाळाला लावलं. मेजरनं मान उचलली आणि तिची बाही चावली.

"मर मग आपल्या मरणानं, गाढवा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

गाढव आणखी नऊ वर्षं जगलं! हल्डानं मला पुन्हा कधी कमरेला लावलं नाही. तिनं चार गोळ्या काढल्या, मेजरची तेवढी आतच ठेवली. स्क्रू फिरवून माझी मूठ उघडली, आतल्या बाजूला चाकूच्या टोकानं काहीतरी कोरलं, पुन्हा बंद केली. मग कुंपणाच्या आकड्यांनी भरलेल्या कॉफीच्या डब्यात मला खुपसून टाकलं.

त्या डब्यात मी गंजत पडलो. हल्डा गेली, पुढच्या पिढ्या आल्या. उंदरांनी माझ्या अंगाखांद्यावर संसार थाटले.

शेवटी येसनांच्या शेताचा लिलाव झाला. चर्चच्या बायका चिलीची तिखट आमटी आणि दालचिनीचे रोल वाढत होत्या. लिलाववाला भंगाराची खोकी एकगठ्ठा विकत होता. एल्वूड हेव्हरकँपनं त्यातलं एक घेतलं, आणि तेही पवनचक्कीचा पाना दिसला म्हणून. आयुष्यभर पवनचक्क्या दुरुस्त केलेला, जुन्या बंदुकांचा नाद असलेला हा माणूस. घरी येऊन त्यानं खोक्यातला कॉफीचा डबा उपडा केला आणि मी टेबलावर आदळलो.

"आर्व्हेला, बघ काय निघालंय!" तो बायकोला हाका मारायला लागला.

"काय निघणार? गंज," ती म्हणाली.

त्यानं मला रॉकेलमध्ये भिजत घातलं. तीन दिवसांनी तिचा आवाज आला, "एल्वूड! माझ्या केकच्या भांड्यात?"

"धुऊन देतो गं."

"धू नाहीतर चाट. आता त्यातला केक तूच खायचास."

महिनाभर तो जुन्या दातांच्या ब्रशनं माझा गंज काढत होता. अडकलेली गोळी त्यानं फार जपून सोडवली. इतक्या हळुवारपणे मला हल्डानंतर कुणी धरलं नव्हतं.

आणि मग ड्वेन पोल आला. जुन्या हत्यारांचा व्यापारी.

"पाच खाचा! म्हणजे पाच माणसं लोळवली यानं! आणि शेवटची गोळी स्वतःसाठी राखून ठेवलेली."

"कशावरून?"

"कशावरून काय! कागद मी करून देतो. चांगला दरोडेखोर शोधू. तू याला घासून निकेल चढव, मूठ तीच ठेव, खाचा जरा खोल कर. ओमाहाच्या हत्यारांच्या प्रदर्शनात तुझ्या टेबलापाशी उभं राहायला जागा मिळणार नाही."

खोल कर म्हणे! हल्डाच्या हातापेक्षा याला जास्त कळतं!

पण एल्वूडला मोह पडला. तीस वर्षं तो प्रदर्शनात टेबल लावत होता. त्याच्यापाशी लोक थांबायचे ते संडास कुठे आहे हे विचारायला. त्यानं कानस घेतली. खाचा नीट खोल करता याव्यात म्हणून स्क्रू फिरवून मूठ सोडवली.

आत बारीक अक्षरं होती. ड्वेननं मोठ्यानं वाचली, "बेस, डच, फॅनी, डॉक, लिली... अरे बापरे, बायकासुद्धा मारल्या?"

आर्व्हेला हात पुसत आली. "ड्वेन, डोकं आहे का खोकं? घोड्यांची नावं आहेत ती. माझ्या आजोबांच्या नांगराला डच आणि डॉकच होते." तिनं चष्मा वर केला. "आणि खाली सहावं आहे. मेजर. त्याच्यापुढे लिहिलंय, 'नाही.'"

एल्वूडनं खाचा मोजल्या. पाच. बाजूला ठेवलेल्या त्या एका गोळीकडे बघितलं. कानस खाली ठेवली.

"बंद कर ती मूठ," ड्वेन म्हणाला. "कोण उघडून बघणार आहे?"

"मी बघितलंय ना," एल्वूड म्हणाला.

आज मी ओमाहात त्याच्या टेबलावर पडलोय. अंग तपकिरी, खड्ड्याखड्ड्यांचं. मूठ उघडी, नावं वर. समोर ड्वेनच्या टेबलावर एक चकचकीत पिस्तूल आहे. त्याच्या नावावर सात खून, आणि भोवती ही गर्दी! आमच्याकडे लोक अजून संडासच विचारतात. पण जाता जाता वाकतात.

"यानं किती मारली?"

"माणसं? एकही नाही."

"मग यात विशेष ते काय?"

बसा, सांगतो म्हणत एल्वूड घडीची खुर्ची पुढे सरकवतो. बरेचजण हसून निघून जातात. जाईनात! मला चकाकी नको, दरोडेखोर नको, माझ्या खाचांना कुणी कानस लावायची नाही. सकाळी एक म्हातारी मात्र त्या खुर्चीत बसली. तिनं नावांवरून बोट फिरवलं, शेवटच्यापाशी थांबली.

"हा वाचला?"

"वाचला," एल्वूड म्हणाला.

"शाब्बास रे मेजर," ती म्हणाली, आणि तिनं मला थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं.