रसावरचा नवरदेव

कानिफनाथ जाड नव्हता. तो फक्त एका वेळी दोन माणसांच्या जागेवर बसायचा, आणि त्याला त्याचाही इलाज नव्हता. त्याच्या बापाचं, कारभारीचं, प्रवरेच्या कालव्यावर उसाचं रान होतं आणि गावातलं एकुलतं एक गुऱ्हाळ होतं. गुळाच्या काहिलीशेजारी वाढलेल्या पोराला बारीक राहायचं म्हटलं तर बापाशी भांडण काढावं लागलं असतं. कानिफनाथ आज्ञाधारक होता.

साल अठ्ठेचाळीस. त्या हिवाळ्यात त्याचं लग्न ठरलं, नदीपलीकडच्या आप्पासाहेबांच्या धाकट्या मुलीशी, चांगुणाशी. मुलगी बघायला गेला तेव्हा तो दारातून आत येईपर्यंत घरात अंधार झाला होता. चांगुणाने पोह्यांची ताटली पुढे केली, मान खाली घातली आणि मोठ्यांच्या कानावर जाणार नाही अशा बेताने विचारलं, "तुमी एकलेच आलाय, का अजून कुनी मागं हाय?"

कानिफनाथ तिथल्या तिथे विरघळला. वजनात मात्र काही फरक पडला नाही. घरी येईतो त्याचं ठरलं होतं, लग्न करीन तर हिच्याशीच.

अडचण आप्पासाहेबांची होती. त्यांना सगळा परिसर 'बसके आप्पा' म्हणायचा. थोरल्या मुलीच्या लग्नात नवरदेवाचं घोडं ऐन वेशीत बसलं होतं, नवरदेवासकट. ओढून झालं, चुचकारून झालं, घोड्याच्या कानात हलगी वाजवून झाली. शेवटी नवरदेव पायी मांडवात आला आणि घोडं मागाहून, जेवायच्या वेळेला आलं. तेव्हापासून आप्पासाहेब कुठेही गेले आणि कुणी अदबीने "बसा" म्हणालं, की बाकीचे तोंड फिरवून हसायचे. आप्पासाहेब बरेच दिवस सगळीकडे उभेच राहत होते.

म्हणून सुपारी फुटताना ते म्हणाले, "हुंडा घेऊ नका, मानपान मागू नका, मीबी मागत न्हाई. माझी येकच अट. नवरदेव घोड्यावर येशीत आला पायजे आन् घोडं उभं ऱ्हायलं पायजे. घोडं बसलं की वऱ्हाड तिथनंच माघारी. पोर मी घरी ठिवीन, पर दुसऱ्यांदा बसका व्हनार न्हाई."

सगळ्यांनी कानिफनाथकडे पाहिलं. मग सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

आमच्या गावात लग्नाजोगी घोडी एकच, सत्तारभाईची. सत्तारभाई श्रीरामपूरच्या स्टेशनापर्यंत टांगा चालवायचा. घोडीचं नाव नाजूक. सत्तारभाईने कानिफनाथला तिच्यासमोर उभं केलं, स्वतः त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि घोडीच्या कानाशी काहीतरी कुजबुजला.

"बेटा, मी तिला इचारलं. ती न्हाई म्हनती."

"काय बोलली, चाचा?"

"बोलली कुठं? तुला बघून डोळं मिटले."

"चाचा, माझं लगीन मोडंल."

सत्तारभाईला पोराची दया आली. तो त्याला गुऱ्हाळातल्या काट्यावर घेऊन गेला. एका पारड्यात कानिफनाथ बसला, दुसऱ्यात गुळाच्या तीन ढेपा चढल्या. पारडं हललं नाही. मग त्याच्या आईने, मालनबाईने, वाटायचा पाटा आणून ढेपांवर ठेवला. तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

"ह्यो पाटा कमी कर," सत्तारभाई म्हणाला. "निस्त्या तीन ढेपांवर आलास तर नाजूक तुला घेईल. तिच्या वतीनं माझा शबुद."

पाटाभर वजन उतरवायचं कसं, हे विचारायला कानिफनाथ श्रीरामपूरला गेला. तिथे काकासाहेब नावाचे निसर्गोपचारवाले नवीनच आले होते. खादीचा सदरा, खाली पंचा, आणि मधे माणूस असावा असा संशय. त्यांनी याची जीभ पाहिली, पोट पाहिलं. ते पाहायला बराच वेळ लागला.

"औषध नको," ते म्हणाले. "तू रसावर राहा."

कानिफनाथचा कानांवर विश्वास बसेना. "रसावर?"

"रसावर. सकाळी रस, दुपारी रस."

पुढचं सांगण्याआधी काकासाहेब खिडकी लावायला वळले. परत वळले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

आता बाकीच्या जगात रस किती तऱ्हेचे असतील ते असोत. आमच्या गावात रस म्हणजे चरकातून निघतो तो. गुऱ्हाळ असलेल्या गावात 'कशाचा रस' असं विचारणाऱ्या माणसाला उन्हातून सावलीत आणून बसवतात.

कानिफनाथ चरकाखाली लोटा धरून बसला. कारभारीने विचारलं, "डाक्टरनं सांगितलंय?"

"व्हय, बाबा. सकाळ-दुपार."

"आन् सांजच्याला?"

"त्ये सांगायचं ऱ्हायलं त्यांचं."

"मंग सांजच्यालाबी पी. कमी नको पडाया."

मालनबाईने पथ्य म्हणून त्यात लिंबू पिळलं. भाकरी बंद केल्याचं पाहून तिच्या डोळ्यांना पाणी आलं, म्हणून ती लोटा जरा मोठा देऊ लागली. कानिफनाथने इतक्या निष्ठेने पथ्य पाळलं की गावाने त्याचं नाव घ्यावं. थोड्या दिवसांनी तो काट्यावर बसला. दुसऱ्या पारड्यात तीन ढेपा गेल्या, पाटा गेला. काटा सरळ होईना. मालनबाई मुकाट्याने आत गेली आणि वरवंटा घेऊन आली.

सत्तारभाईने तो वरवंटा उचलून पाहिला. "बेटा, तू कमी व्हाया गेल्तास का खरेदीला?"

लगेच टांग्यात घालून त्याने कानिफनाथला काकासाहेबांकडे नेलं. सगळं ऐकल्यावर काकासाहेबांनी डोक्याला हात लावला.

"अरे, उसाचा नव्हे! दुधीचा रस. गाजराचा, पालकाचा, टमाट्याचा!"

"दुधीला रस असतोय?" कानिफनाथने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाबद्दल तरी संशय आला होता.

"असतो. आणि आता नीट ऐक, महत्त्वाचं पुढेच आहे. नुसत्या रसावर..."

एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. नाजूकने खिडकीतून मान घालून काकासाहेबांची आठवड्याची गाजरं संपवत आणली होती. काकासाहेब छत्री घेऊन धावले, सत्तारभाई माफी मागत धावला, आणि महत्त्वाचं ते पुन्हा तसंच राहून गेलं.

घरी येऊन कानिफनाथने गाजरं आणि दुधी गोळा केले. रस काढायचा म्हणजे चरकात घालायचा, एवढं त्याला कळत होतं. गाजरं बरी गेली. दुधी मात्र आधी चरकात जाईना, मग गेला आणि मोठा आवाज करून फुटला. बैल जागच्या जागी थबकले. कारभारीच्या पागोट्यावर बिया आल्या. खाली काहिलीत रस उकळत होता, त्यात काय काय पडलं ते कुणी तपासलं नाही. त्या दिवशीचा गूळ हिरवट निघाला. श्रीरामपूरच्या व्यापाऱ्याने तो औषधी म्हणून चढ्या भावाने विकला आणि पुढच्या आठवड्यात निरोप धाडला की असलाच अजून पाठवा.

"माझ्या चरकात पुन्यांदा भाजी घातली तं तुलाच घालीन," कारभारी म्हणाला. मग डोळ्यांनी अंदाज घेऊन म्हणाला, "बसला तं."

मालनबाईने वाट काढली. ती किसणीवर गाजर-दुधी किसायची, धुवट फडक्यात बांधायची आणि पिळायची. रस लोट्यात, चोथा टोपलीत. चोथा वाया जाऊ नये म्हणून सत्तारभाई रोज येऊन तो नाजूकला घेऊन जायचा. घोडीला आपल्या लग्नात काही मिळतंय याचं कानिफनाथलाही समाधान होतं.

तो स्वतः मात्र आता निव्वळ त्या रसावर होता. भाकरी नाही, डाळ नाही, ताक नाही. वजन उतरू लागलं, त्याबरोबर कानिफनाथही उतरू लागला. आधी तो गप्प झाला. मग त्याला उगवता सूर्य बाजरीच्या भाकरीसारखा दिसू लागला, आणि तो ती कडेने कच्ची राहिल्याची तक्रार करू लागला. एका सकाळी त्याने बैलाला रामराम घातला, उत्तराची वाट बघितली आणि चिपाडांच्या ढिगावर आडवा झाला.

"आये," तो म्हणाला, "लगीन तुमी लावून घ्या. मी हितंच हाय."

सत्तारभाईने टांगा पिटाळला आणि काकासाहेबांना उचलून आणलं. ते आले ते तापलेलेच. ढिगाभोवती सगळं गाव जमलेलं पाहून त्यांनी छत्री आपटली.

"या गावात माझं एक वाक्य कुणी पुरतं ऐकून घेईल का?"

"सांगा की," मालनबाई म्हणाली, "आमी काय धरून ठिवलंय का तुमाला?"

मग काकासाहेबांनी सांगितलं, आणि कुणाला हलू दिलं नाही. भाजीचा रस चांगला, पण तो जेवणाच्या जोडीला, जेवणाच्या बदल्यात नाही. नुसता रस म्हणजे चुलीत सरपण न घालता वरून आधण ठेवणं. अंगातलं बळ जातं, मांस झडतं, आणि माणूस बैलांशी बोलायला लागतो. सकाळी रस घ्यावा, शक्यतो चोथ्यासकट. न्याहारीला भिजवलेले शेंगदाणे मूठभर आणि ताक. दुपारी एक भाकरी, दोन नव्हे, आणि तिच्यासोबत पालेभाजी आणि मुगाचं घट्ट वरण. रात्री मुगाचं कढण आणि पेलाभर दूध. चालत असेल तर अंडं. गूळ, उसाचा रस आणि काहिलीच्या कडेची खरवड बंद. शिवाय रोज चालायचं, घाम येईपर्यंत.

मालनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येवढं सगळं खायाचंच हुतं, तं आधी उपाशी का मारलं वो पोराला?"

काकासाहेबांनी डोळे मिटले.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. हळूहळू कानिफनाथच्या तोंडावर रंग आला, बैलांशी बोलणं थांबलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तो काट्यावर बसला. वरवंटा आधीच गेला होता, आज मालनबाईने पाटाही उचलून बाजूला ठेवला. तीन ढेपा, समोर कानिफनाथ, आणि काटा सरळ. सत्तारभाईने त्याला मिठी मारली. हात पाठीमागे जुळले, हे त्यालाच नवल वाटलं.

घोडीला काट्यावर कुणी घातलं नाही. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

चोथा चालूच होता. चोथ्यासकट प्या, असं काकासाहेबांनी सांगूनही मालनबाईच्या हाताला पिळायचीच सवय लागली होती. गाजराचं गोड, दुधीचं मऊ, आणि वर पाला. नाजूक काही चावायचे कष्टही घेईनाशी झाली. तिच्या अंगाला तकाकी आली होती आणि सत्तारभाई ती तकाकी कौतुकाने बघत होता. लग्नाच्या दिवशी खोगिराचा पट्टा पोटाला पुरेना, म्हणून त्याच्या बायकोने, मुबारकबीने, पट्ट्याला आपल्या जुन्या लुगड्याचा पदर जोडून दिला.

"पट्टा आकसलाय," सत्तारभाई म्हणाला.

"व्हय तर," मुबारकबी म्हणाली. "समदे पट्टे आकसतेत."

वऱ्हाड नदी ओलांडून वेशीत आलं. पुढे वाजंत्र्यांतल्या भीमाची हलगी कडाडत होती. वेशीच्या एका बाजूला आप्पासाहेब उभे, दुसऱ्या बाजूला त्यांचं सगळं गाव उभं, आणि प्रत्येकाची नजर घोडीच्या गुडघ्यांवर. कानिफनाथने श्वास रोखून धरला. वजन तेवढंच कमी.

नाजूक वेशीच्या बरोबर मधोमध आली. तिने एक सुस्कारा टाकला, भरल्या पोटाचा. आणि ती बसली.

जुना कानिफनाथ असता तर तोही तिच्यासोबत गेला असता. या कानिफनाथने घोडी खचतेय असं वाटताच रिकिबीतून पाय काढले आणि दोन्हीकडे जमिनीवर रोवले. घोडी त्याच्या पायांमधून खाली गेली. नवरदेव होता तिथेच राहिला, पाय फाकवून, कट्यार हातात, मुंडावळ्या जागच्या जागी.

हलगी थांबली.

"घोडं बसलं," आप्पासाहेब म्हणाले.

सत्तारभाई पुढे झाला. "आप्पासाब, कसम घेतो, ह्याच्या वजनानं न्हाई बसली! आपल्या वजनानं बसली. ह्याचं जेवढं गेलं तेवढं तिच्या पोटात गेलंय!"

"कशानं बसलं त्ये अटीत न्हाई. घोडं बसलं. माघारी फिरा."

कानिफनाथचं तोंड उतरलं. पाय मात्र त्याने हलवले नाहीत, हलवले असते तर घोडीवर पडला असता.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हळदीने माखलेली चांगुणा पुढे आली. मुलीने वेशीत यायचं नसतं, याची तिला चार जणींनी आठवण करून दिली आणि ती चौघींच्या मधून आली.

"आप्पा, आक्काच्या लग्नात लोक कशाला हसले?"

"घोडं बसलं म्हनून."

"न्हाई. दाजी घोड्यासंगं बसले म्हनून. निस्तं घोडं बसलं असतं तं कोन हसतंय? जनावरच ते, दमलं आन् टेकलं." तिने बोट दाखवलं. "ह्यो बसलाय का? बगा की. घोडं खालनं गेलं तरी उभा हाय. आता तुमी त्याला अजून किती येळ उभा ठिवनार?"

आप्पासाहेबांनी कानिफनाथकडे पाहिलं. सगळ्या गावाने पाहिलं. कुणी हसेना. एका म्हाताऱ्याने तर मान हलवून दाद दिली.

भीमा खोकला. "आप्पासाहेब, नवरदेव उभा हाय, घोडं बसलंय, आन् मी हात वर धरून हाय. काय त्ये येक सांगा. खांदा भरून आला."

आप्पासाहेबांचे ओठ थरथरले. आधी वाटलं ते रडताहेत. मग कळलं की ते हसताहेत, आणि बऱ्याच वर्षांचं साचलेलं हसत आहेत.

"वाजव," ते म्हणाले.

कानिफनाथने घोडीवरून पाय उचलला आणि पायी मांडवात गेला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. नाजूक वेशीतच होती. ती उठावी म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने तिला एकेक बुंदीचा लाडू दिला, त्यामुळे तिला उठायचं काही कारण उरलं नाही.

म्हणून संध्याकाळी नवरा-नवरी नदीपर्यंत चालतच निघाली. उपरण्याची आणि शालूची गाठ मारलेली, मागे वाजंत्री. थोडं अंतर गेल्यावर चांगुणाच्या लक्षात आलं की नवरा सारखा डावीकडे वळतोय. तिने गाठ ओढून त्याला सरळ केलं. तो पुन्हा डावीकडे.

"कुठं निगाला?"

"सवय," कानिफनाथ लाजून म्हणाला. "चालायचं म्हनून रोज चरकाच्या बैलांमागं फिरत हुतो. गोल."

चांगुणाने गाठ हाताभोवती एक वेढा देऊन घट्ट धरली. "चला मंग," ती म्हणाली, "नदी समोर हाय."