मापाबाहेरची सावली

साहेब, तुम्ही सावली तोडलीत. दिवसाढवळ्या, ब्रेकर लावून, पोलीस उभे करून.

उमेळे गावच्या सॅन्टन सरांची बायको रिटा दम्याची. एसीत तिची छाती भरायची, उकाड्यात जीव कासावीस व्हायचा. म्हणून सरांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, आर्किटेक्ट झालेल्या डायनाला गाठलं. "बाय, एसीशिवाय रिटा झोपेल असं घर दे. बाकी तुझं डोकं."

डायनाने डोकं चालवलं. दुहेरी भिंती, मध्ये पोकळी. तापलेली हवा वरून निघून जायला झरोके. आणि पश्चिमेचं ऊन भिंतीला शिवूच नये म्हणून ऐसपैस छज्जा. छज्जा किती बाहेर काढायचा याचा नियम तिला ठाऊक होता, पण सावलीला कोण कशाला अडवेल, असं तिला वाटलं. भर मे महिन्यात रिटा दुपारची चादर ओढून घोरू लागली. सर शेजाऱ्यांना बोलावून ते घोरणं ऐकवायचे.

मग डायनासमोर पाहणीला तुमच्या पालिकेचा इंजिनियर हरेश आला. घामाने निथळत आत शिरला, खुर्चीत विसावला.

"मॅडम, एसी दिसत नाही कुठे?"

"नाहीच आहे."

"मग गार कशाने?"

डायनाने हौसेने छज्जा दाखवला. त्याने लगेच टेप लावली.

"मापाबाहेर आहे. तोडा, नाहीतर भोगवटा दाखला विसरा."

"समोर सात मजले बिनदाखल्याचे उभे आहेत, हरेशभाऊ."

"ते माझ्या टेबलावर नाहीत."

तिने तुमच्याकडे सवलतीसाठी अर्ज केले. तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाहीत. छज्जा पडला, आणि उघडी भिंत तव्यासारखी तापायला लागली. रिटा ओला टॉवेल गळ्याभोवती घेऊन बसायची. शेवटी सरांनी मान खाली घालून एसी बसवला. आता झरोके बंद, खिडक्या बंद. आत रिटाचा खोकला, बाहेर गरम हवा ओकणारं यंत्र. तेही भिंतीबाहेर आलंय, पण त्याला कुणी टेप लावत नाही.

परवा हरेशचा फोन आला. "मॅडम, गावी घर बांधतोय. आईला उकाडा सोसत नाही. सरांकडे होता तसा छज्जा काढून द्या ना. तिकडे कोण बघतंय?"

डायनाला त्याच्या आईचा राग येईना, हेच तिला जास्त लागलं.

"नकाशा देते," ती म्हणाली. "पण आधी साहेबांकडून लेखी आणा. तुमच्या आईवर पडेल ती सावली आणि रिटाबाईंवर पडली ते बांधकाम, हे कोणत्या नियमात बसतं?"

हरेशने फोन ठेवला. नियम तुमचा आहे, साहेब. उत्तर तुम्ही द्या.