वाकड्या टाक्यांची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. कातड्याची, परातीएवढी, पुढे चार पितळी फुले असलेली. माझी कातडी जाड आहे, त्यामुळे मी सहसा काही मनाला लावून घेत नाही. पण स्तुतीने मात्र माझा जीव जायची वेळ आली होती.

कातडे कमावणाऱ्याने मला भिजवले, साच्यावर ताणले, उन्हात वाळवले आणि पोटभर तेल पाजले. मग माझी रवानगी एका राजाच्या डाव्या हातात झाली. राजा कसला, नुकते मिसरूड फुटलेला मुलगा! वडील लढाईत पडलेले, किल्ले शत्रूने गिळलेले आणि चुलते गादीवर डोळा ठेवून बसलेले. पहिल्या स्वारीत तो हरला, दुसरीत किल्ला परत घेतला आणि पुढचे सारे आयुष्य घोड्यावर काढले. लढाईआधी त्याच्या मुठीला घाम फुटायचा. ते फक्त मला कळायचे. शेवटी तो रणात नाही, अंथरुणात तापाने गेला.

त्याच्या दरबारी कवीने मग एक कवन रचले. त्यात राजा पर्वत झाला आणि माझ्यावर हजार बाण पडले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्यावर खुणा तीनच आहेत, आणि त्यातली एक घोड्याच्या लाथेची!

पुढे मी संग्रहालयात आले. काचेच्या कपाटात मी आणि शेजारच्या भिंतीवर ते कवन. आधी माणसे वाकून वाकून बघत. मग वरचा दिवा गेला, काचेवर धूळ बसली आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना.

अशात नवे प्रमुख आले. इतिहास शिकलेले, पुराव्यावाचून पाणीसुद्धा न पिणारे. त्यांनी कवन वाचले, माझ्या खुणा मोजल्या आणि ठरवले की ही राजाची ढाल नव्हेच. एका नाटक मंडळीला ढाल हवी होती. मला त्यांना देऊन टाकायचे ठरले. पुठ्ठ्याच्या तलवारी झेलायला माझी हरकत नव्हती. पण राजाने हाताळलेल्या वस्तूंपैकी मी एकटीच उरले होते. मी गेले असते तर तो पर्वतच राहिला असता, माणूस म्हणून कुणालाच उमगला नसता.

मला न्यायला येणार त्याच सकाळी प्रमुखांची थोरली बहीण आपला वर्ग घेऊन आली. ती शाळेत भाषा शिकवते. तिची रीत अशी, की अलंकार ओळखायचा तर कवितेतल्या वस्तूसमोर उभे राहायचे. एकाने ओळ वाचायची आणि बाकीच्यांनी विचारायचे, "खरंच?"

'वाऱ्यासारखा धावला' ही उपमा मुलांनी चटकन ओळखली. 'पर्वत होता राजा आमुचा' हे रूपक. 'राजा नव्हे, हा सूर्य मावळला' इथे जरा अडले, मग एका मुलीने अपन्हुती म्हणून सांगितले. हजार बाणांवर तर माझ्याकडे बघून सगळी हसली. एवढीशी ढाल, हजार बाण मावतील कुठे? अतिशयोक्ती!

मग शेवटची ओळ आली. 'फाटली ढालीआतली गादी तेव्हा, राजा बसला दारी. वाकडे टाके घालत होता, सुई घेऊन दुपारी.' खरंच का, ते कुणालाच सांगता येईना. बाईंनी ओळ पुन्हा वाचली आणि भावाला बोलावून मला उलटी करायला सांगितले.

"ताई, ती खोटी आहे गं," प्रमुख म्हणाले. "हजार बाण म्हणतात, आणि खुणा बघ किती."

"अरे, कवी तिथे मोजत नव्हता, रडत होता. ही शेवटची ओळ बघ. हिच्यात काही सजवलेलं नाही. स्वभावोक्ती आहे ही, घडलं तसं सांगितलेलं. पुरावा शोधायचा तर इथे शोध."

प्रमुखांनी हातमोजे घातले, कपाट उघडले आणि मला पालथे केले. मूठ टेकायच्या गादीवर जाड दोऱ्याचे टाके होते, एक इकडे तर एक तिकडे. तेव्हा किल्ल्याला वेढा पडला होता आणि सगळे कारागीर तटावर लढत होते, म्हणून राजाने स्वतःच सुई घेतली होती. बोटात टोचली तेव्हा त्याने दिलेली शिवी मी इथे सांगणार नाही.

प्रमुखांनी एकेका टाक्यावरून बोट फिरवले. मग त्यांना हसू आले. "शिवता येत नव्हतं त्याला," ते म्हणाले, आणि नाटक मंडळीला नकार कळवायला फोनकडे गेले.

माझा जीव भांड्यात पडला. आता मला पाठ पुढे करून टांगले आहे. दिवाही बदलला आहे. हजार बाणांचे ओझे उतरल्यापासून मी अगदी हलकी झाले आहे. मुले टाके बघतात, हसतात, आणि राजा त्यांना आवडतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा उलटून बघा. आणि ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे त्याला खुशाल पर्वत म्हणा, सूर्य म्हणा. पण एक ओळ तरी तो जसा आहे तशी लिहून ठेवा. पुढे कधी त्याला ओळखायची वेळ आली, तर तीच कामाला येते.