अंबाजीचा अंगारा

बायजाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सुपारीच्या बागेतली कामं टाकून माणसं आली होती, भगतानं आणून ठेवलेल्या देवीच्या दगडी मूर्तीपुढे नारळावर नारळ फुटत होते. ओटीवर तिचा सहा वर्षांचा मोरू झोपलेला. आदल्या सकाळी आमच्या सरकारी दवाखान्यात त्याचे टॉन्सिल कापले आणि संध्याकाळी घरी पाठवला. मी तिथली नर्स. घसा बघायला आले होते.

“घसा कापलाय, पर पोर रडत न्हाय!” अंबाजी भगत गरजला. “आईनं दुखणं आपल्या गळ्यात घेतलंय! बघा, मूर्तीला घाम सुटलाय!”

दमट हवेत दगडाला घाम सुटतोच. माझ्या पाट्यालाही सुटतो, त्याच्यापुढे कुणी नारळ फोडत नाही.

मोरूला हाक मारली, हलवला. उत्तर नाही. ओठ निळे, श्वास अडखळत. पापणी उचलली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. औषध जास्त झालं की अशी होते.

“बायजा, दवाखान्यातनं दिलेल्या बाटलीतलं औषध किती दिलंस?”

“सांगितलंत तेवढंच, बाई. येक चमचा.”

“आणि दुसरं काय?”

बायजा भगताकडे बघत राहिली. अंगारा दिल्याचं बोललं की गुण जातो, असं त्यानं सगळ्या वाडीला बजावलेलं. लोकांना गप्प बसवायची बरी युक्ती सापडली होती मेल्याला!

“अगं बोल! पोर जातंय तुझं!”

“अंगारा,” ती हुंदका देत म्हणाली. “मधातनं. कण्हला की चाटवला.”

तिच्या हातातली अंगाऱ्याची पुडी हिसकावून मी चिमूट जिभेला लावली. कडूजहर! राख कडू नसते. राखेत अफू कालवली होती. आमच्या औषधातही अफूचाच अंश, म्हणून तर चमचा मोजून द्यायचा. दोन्ही मिळून दुखणं थांबलं, आणि आता श्वासही थांबत होता.

तो थांबला तशी मी त्याची छाती दाबली, तोंडानं हवा भरली, दमेपर्यंत. मोरूनं पुन्हा श्वास घेतला नाही.

“हिनं बोलून गुण घालवला!” भगत ओरडला. आणि माणसांनी चक्क माना डोलावल्या.

“बोलायला उशीर झाला म्हणून गेला तो!” मी किंचाळले.

तुम्हालाही तेच सांगते. कापलेलं दुखतंच. पोर रडतंय म्हणजे श्वास घेतंय. गप्प झालं तर आधी त्याची छाती हलते का बघा. आणि काय चाटवलंत ते लगेच सांगा, कुणीही बजावलं असलं तरी.